कोमट मिठाची पिशवी

हुओ आजींचं अंगण,
छिंगछंग डोंगराचा पायथा
१२ ऑक्टोबर १९८६

शुलानताई,

तुझं पत्र पोचलं. वाचून झाल्यावर घडी घालून पायाखाली ठेवलं आणि त्याच्यावर उभा राहिलो, इतका संताप आला. मग पुन्हा काढून वाचलं. "डॉक्टरकीच्या कॉलेजात परत कधी जातोस?" या एकाच प्रश्नासाठी तू चार पानं खर्च केलीस. माझं उत्तर एका ओळीत मावतं. जात नाही.

सोडलं ते प्राध्यापकांशी भांडून, हे खरं. पण परत न जाण्याचं कारण वेगळं आहे आणि ते आमच्या समोरच्या चहाच्या दुकानात लांब चोचीची किटली घेऊन फिरत असतं. नाव युनशिया. फू काकांची मुलगी. हातभर लांबून ती कपात चहा ओतते, एक थेंब सांडत नाही. मी समोर असलो की मात्र नेमका माझ्या बाहीवर सांडतो. आता तूच ठरव याला काय म्हणायचं.

हो, तिचं लग्न ठरलंय. वेई म्हणून ट्रक ड्रायव्हर आहे, नव्या वर्षात बार उडणार. तू लगेच "मग?" विचारशील. मग काही नाही. ठरलेलं लग्न म्हणजे झालेलं लग्न नव्हे.

कामाचं सांगतो. दाजी विचारत होते ना, पोट चोळून माणूस बरा कसा होतो? चोळत नाही म्हणावं, ऐकतो. माणूस बाकावर उताणा, गुडघ्यांखाली गोधडीची वळकटी, पोट रिकामं. आपले तळवे घासून ऊन करायचे, बेंबीच्या कडेला बोटं ठेवायची आणि थांबायचं. त्याचा श्वास बाहेर पडला की पोट आपणहून बोटांना आत घेतं. श्वास आत आला की आपण मागे. जोर लावायचा नाही. माझ्या गुरू हुओ आजी लहानपणी डोंगरावरच्या मठातल्या एका बाईकडून हे शिकल्या. मधली सांस्कृतिक क्रांतीची वाईट वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरात, गोधडीखाली हात घालून लपूनछपून केलं. आता उघड्यावर करतात. त्यांच्या हिशेबी माणूस जे जे गिळतो ते सगळं पोटात राहायला येतं. राग उजव्या बरगडीखाली, काळजी डावीकडे, भीती पार मागे मूत्रपिंडांपाशी. अडकलेला वारा आधी बेंबीभोवती मोकळा करायचा, मग एकेका घराशी जायचं. आणि बेंबीपाशी नाडी थाडथाड उडत असेल तर हात काढून माणसाला सरळ इस्पितळात पाठवायचं. तुझ्या कॉलेजला त्या नावं ठेवत नाहीत. मीच ठेवतो.

माझं उजवीकडचं घर खच्चून भरलेलं आहे म्हणे. म्हणून रोज सकाळी मला आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली उभं करून "शूऽऽ" असा लांब श्वास सोडायला लावतात. शेजारणी त्याच वेळी आपापली पोरं आणून माझ्यासमोर बसवतात. सगळ्यांची सोय होते.

आता आजची गोष्ट. शेवाळावरून पाय घसरून आजींचं मनगट मुरगळलंय. एरवी बायकांची बाजू पडद्याआड, तिकडे मला फिरकायलाही बंदी. पण या आठवड्यापासून सगळेच माझ्याकडे, अंगणात, कपड्यांवरून, आणि आजी शेजारी खुर्ची टाकून. आज त्या हाडवैद्याकडे गेल्या होत्या आणि नेमकी युनशिया आली. तोंड उतरलेलं. म्हणाली, "अन्न जात नाही. सकाळी उलट्या होतात. बघ जरा."

ताई, ती बाकावर आडवी झाली आणि माझे हात असे कापायला लागले की विचारू नकोस. आजींचा पहिला नियम आहे, ज्या हाताला समोरच्याकडून काही हवंय तो हात पोटावर ठेवायचा नाही. पोटाला कळतं, ते दार लावून घेतं. म्हणून मी हात मागे घेतले. "तुला मी हात नाही लावणार," एवढंच म्हणालो. मोकळ्या हाताने तिला पाठवायचं जिवावर आलं, म्हणून पडद्याआडच्या खुंटीवरची एक पिशवी काढली. भाजलेलं खडेमीठ असतं त्यात, मिरीसारखी आपली झिणझिणी आणणारी फळं आणि दवणा. कोमट करून तिला दिली. म्हटलं, "कमरेला शेक घेत जा." ती माझ्याकडे बघतच राहिली. अंगणातल्या बायकाही. पिशवी बाकावर टाकून निघाली, पण मी मागून पळत जाऊन रस्त्यात तिच्या हातात कोंबली.

पहिल्यांदाच मी नियम पाळला. आजी ऐकतील तर पाठ थोपटतील. तूही थोपट.

तुझा,
बिंग्वेन


छंगतू, सूतगिरणीची चाळ
१६ ऑक्टोबर

अरे मूर्खा,

पाठ थोपटू? पायातली वहाण काढून हातात घेतलीय मी. हे पत्र उभ्याउभ्या लिहितेय, गिरणीची पाळी सुटलीय आणि फाटक बंद व्हायच्या आत टपालात टाकायचंय.

त्या पिशवीचा अर्थ तुला ठाऊक नाही? आपली आई त्याच गावची. तू पोटात होतास तेव्हा ती हुओ आजींकडे गेली होती. आजींनी बेंबीपाशी नुसता तळवा टेकवला, काही न बोलता हात काढला आणि ही कोमट पिशवी दिली. आई जाकिटाआड लपवून घरी येतेय तोवर शेजारीण पोटुशीला द्यायची अंडी घेऊन दारात! तिथे दिवस गेलेल्या बाईचं पोट आजी दाबत नाहीत. कळलं की पुढे हात लावत नाहीत आणि पिशवी देतात. तोंडाने कधी काही सांगत नाहीत, पण त्या गावातल्या पोरीसोरींनाही त्याचा अर्थ कळतो. पडद्यापलीकडे जाऊ न दिलेल्या दीडशहाण्याला सोडून.

आणि तू काय केलंस? लग्न ठरलेल्या, लग्न न झालेल्या मुलीला भर अंगणात "हात नाही लावणार" म्हणालास. सकाळी उलट्या होतात हे तिने सगळ्यांसमोर सांगितल्यावर! वर पिशवी घेऊन रस्त्यातून मागे धावलास!

तिने पिशवी बाकावर टाकली होती रे. तिला कळलं होतं.

पत्र हातात पडेल तसा उठ. आजींच्या पाया पड, जे झालं ते सांग. त्यांना म्हणावं, गावाला सांगा की पोराची चूक झाली. जेवत बसू नकोस.

शुलान


अंगण
२१ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र काल आलं. उशीर झाला होता.

ड्रायव्हरच्या घरून माणूस आला, लग्न ठरताना दिलेलं सगळं परत घेऊन गेला. कापड, दारू, मिठाई, सगळं. जाताना चहाच्या दुकानात उभं राहून मोठ्याने म्हणाला, "आमचा मुलगा ट्रक चालवतो, दुसऱ्याचा माल वाहतो, पण घरी आणत नाही." कान साफ करणारे म्हातारबा गिऱ्हाइकाच्या कानात सळई तशीच ठेवून ऐकत होते.

आजींच्या पाया पडलो. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. म्हणाल्या, "मी बोलणार नाही."

"पण आजी, तुम्ही नुसतं 'नाही' म्हणा ना! एक शब्द!"

"आज हिच्याबद्दल 'नाही' म्हटलं, की उद्या एखादी सासू सुनेला फरफटत आणून मला विचारणार. तेव्हा मी गप्प बसले तर गप्प बसण्याचाच अर्थ 'हो' होईल. या गावातल्या बायका माझ्यासमोर पोट उघडं टाकतात ते मी बोलत नाही म्हणून. शिवाय माझ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणतील, म्हातारी आपल्या चेल्याला वाचवतेय."

चेल्याला, ताई. लक्षात आलं का? गावाने बाप कोण तेही ठरवून टाकलंय. मी. बाहीवर रोज चहा सांडायचा तो सगळ्यांनी बघितला होताच.

आणि आता ऐक. काल संध्याकाळी फू काका स्वतः आले. डोळे लाल. म्हणाले, "पोरा, झालं ते झालं. तुझं घराणं मला माहीत आहे, तुझी आई इथलीच. पुढच्या महिन्यात लग्न उरकून टाकू. मी तुला मारणार होतो, पण जावयाला मारत नाहीत."

मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर खोटं होईल. विचार केलाच नाही. मी हो म्हणणार आहे. चूक माझी, निस्तरणारही मीच. तिला एका क्षणात अब्रू परत मिळते, मला ती मिळते, काकांची झोप परत येते. यात वाईट कुणाचं झालं? त्या ड्रायव्हरचं? त्याच्या आईचं? जाऊ देत दोघं ट्रकमध्ये बसून.

बाळ नाहीये हे काही महिन्यांत सगळ्यांना दिसेलच. तोवर ती माझी बायको असेल आणि आम्ही यावर हसू. ताई, मी इतका आनंदात कधीच नव्हतो. तू ये लग्नाला. दाजींचा तो राखाडी कोट माझ्यासाठी आण.

बिंग्वेन


छंगतू
२५ ऑक्टोबर

बिंग्वेन,

दाजींचा राखाडी कोट आणत नाही.

तुझं पत्र दाजींना वाचून दाखवलं. ते जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "घर पेटवायचं आणि मग बादली घेऊन जावई व्हायचं, बरी युक्ती आहे." ते कधी बोलत नाहीत, तुला माहीतच आहे. त्यांनाही बोलावंसं वाटलं.

तू लिहिलंयस फू काका काय म्हणाले, आजी काय म्हणाल्या, ड्रायव्हरचा माणूस काय म्हणाला. कान साफ करणाऱ्या म्हाताऱ्याची सळई कुठे होती तेसुद्धा लिहिलंयस. अख्ख्या पत्रात युनशियाचा एक शब्द नाही. त्या दिवसापासून तिच्याशी बोललायस तरी का? तिच्या घरातली माणसं तिला कोणत्या नजरेने बघत असतील? ती विहिरीवर जाते तेव्हा बायका जागा करून देत असतील, पोटुशीला देतात तशी. तिला ती जागा घ्यावी लागत असेल.

आणि तू गप्प राहून ते खरं ठरवणार. जन्मभर ती तुझ्या घरात राहील ती गावाने ढकलली म्हणून. काही महिन्यांनी बाळ नाही असं दिसलं की गाव म्हणेल, पाडलं. हसाल म्हणे दोघं!

तू लहानपणी माझी पेन्सिल मोडून मग मला आपली अर्धी देऊ करायचास आणि वर उपकार केल्यासारखा बघायचास. तेव्हा मी कान उपटायची. आता कान पन्नास मैलांवर आहे.

मी तुला काय कर ते सांगणार नाही. तिला विचार.

शुलान


अंगण
३ नोव्हेंबर

ताई,

तिला विचारलं नाही. आधी काकांकडे गेलो आणि आणखी घोळ घातला. थांब, शिव्या देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र वाचून डोकं असं तापलं की सरळ रस्ता ओलांडून दुकानात शिरलो. ऐन गर्दीची वेळ. सगळ्यांसमोर म्हणालो, "काका, मी लग्न करणार नाही. मूल माझं नाही."

मला पुढे म्हणायचं होतं, मूलच नाही. ते तोंडातच राहिलं. काकांच्या हातातला चहा माझ्या तोंडावर. "मग कुणाचं आहे?" ते ओरडले आणि खाली बसून रडायलाच लागले. कुणी माझी कॉलर धरली, कुणी चप्पल काढली. म्हातारबा म्हणाले, "शहरातले असेच. भात खातात आणि वाडगं फोडून जातात." मी कितीही ओरडलो की पोटात काही नाही, काही नाही, तरी ऐकतो कोण? पळ काढणारा दुसरं काय सांगणार?

आतल्या दारात युनशिया उभी होती. हातात किटली. तिने ती खाली ठेवली.

ते परवा झालं. काल बाजाराचा दिवस. अंगणाबाहेर टोपल्या, कोंबड्या, मुळ्यांचे ढीग, शेगड्यांचा धूर, अख्ख्या पंचक्रोशीचा बाजार. आजी खुर्चीत, मनगट बांधलेलं. मी एका म्हशीवाल्याचं पोट बघत होतो. गर्दी फाटली आणि ती आली. म्हशीवाल्याला म्हणाली, "उठा काका, मला घाई आहे." तो बिचारा शर्ट सावरत उठला. ही बाकावर उताणी झाली, स्वतःच गुडघ्यांखाली वळकटी सरकवली. बाजार जवळ जवळ येत चालला.

"चल," ती आभाळाकडे बघत मला म्हणाली. "त्या दिवशी करायचं होतंस ते कर. सगळ्यांना दिसेल असं."

मला तेव्हा कळलं ती काय करायला आलीय. आजी बोलणार नाहीत, काका ऐकणार नाहीत, माझ्या शब्दाला काडीची किंमत नाही. पण दिवस गेलेल्या बाईचं पोट या अंगणात कुणी दाबत नाही, हे बाजारातली प्रत्येक बाई जाणते. ती स्वतःच्या पोटालाच साक्षीला घेऊन आली होती.

मी आजींकडे बघितलं. "तुम्ही..."

"माझं मनगट बांधलंय. आणि पिशवी दिली कुणी?"

माझे हात पुन्हा कापायला लागले. आजींनी ते बघितले. "तुला हिच्याकडून काय हवंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"खोटं बोलणारा हात हावऱ्या हाताहून वाईट. हवंय तर हवंय म्हण, आणि म्हणून झालं की बाजूला ठेव. पोटात ठेवून पोटावर हात ठेवू नकोस."

ताई, सगळा बाजार ऐकत होता. कोंबड्यासुद्धा. मी म्हणालो, "मला हिच्याशी लग्न करायचंय."

असा हशा पिकला! मागून कुणीतरी ओरडलं, "कालच नको म्हणत होतास ना रे?" बाकावरून युनशिया डोळे न उघडता म्हणाली, "ते नंतर. आधी पोट."

काय सांगू, ते ऐकलं आणि हात थांबले. बोलून टाकल्यावर आत काही उरलंच नाही. तळवे घासले. बेंबीच्या कडेला बोटं ठेवली. ओढून बांधलेल्या ढोलासारखं पोट. थांबलो. तिने श्वास सोडला, पोटाने मला केसभर आत घेतलं. पुन्हा थांबलो. बाजाराचा आवाज दूर गेला. मी तिचा विचार करत नव्हतो, खरं सांगतो. ती कोण हे मला आठवतही नव्हतं. एक पोट होतं, ते घाबरलेलं होतं आणि हळूहळू घाबरणं सोडत होतं. बेंबीभोवती फिरलो, मग उजव्या बरगडीखाली. तिथे दगड. तो सगळा माझ्यावरचा राग असणार. मी बोटं काढली नाहीत. एका लांब श्वासाबरोबर तो सैल झाला आणि माझी बोटं पेरापर्यंत आत गेली, पार खालपर्यंत.

सुईणीचं काम करणारी एक म्हातारी पुढे उभी होती. तिने मुळ्याची टोपली खाली ठेवली आणि वाकून बघितलं. "एवढं खोल?" ती म्हणाली. मग बाजाराकडे वळून जाहीर केलं, "कसलं काय! पोरीला वारा धरलाय."

आणि अगदी त्याच वेळी युनशियाने ढेकर दिली. ताई, ट्रकच्या भोंग्यासारखी. आमच्या धंद्यात यासारखी पावती नाही. पुन्हा हशा, पण या वेळचा वेगळा. बायका डोळे पुसत होत्या. काका गर्दी ढकलत आले, पोरीला उठवलं, मला बघून हात उगारला, मग त्याच हाताने स्वतःचं नाक पुसलं.

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांचा न बोलण्याचा नियम तसाच राहिला.

आज सकाळी ड्रायव्हरची आई दारात हजर, कापड, दारू, मिठाई सगळं पुन्हा घेऊन. "गैरसमज झाला हो." युनशिया तिला म्हणाली, "तुमचा मुलगा एका पिशवीला घाबरला. त्यालाच आजींकडे आणा, मागच्या बाजूला भीती असते, जरा दाबून देतील." मिठाई म्हातारबांनी ठेवून घेतली.

मी दुपारी गेलो. चेहरा धुऊन, केस पाण्याने बसवून. यावेळी तिलाच विचारलं, हळू, कुणी ऐकू नये असं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ऐकलं. जा आता, गिऱ्हाईक खोळंबलंय." हो नाही, नाहीही नाही. मी इथेच कोपऱ्यात बसून तुला लिहितोय. ती सारखी येऊन वाकून बघते. ताई, ती हो म्हणेल. मला खात्री आहे. आणि नाही म्हणाली तरी मी इथून हलत नाही, काम शिकायचंय, ते मला येतंय हे काल मला कळलं. कॉलेजचं नाव काढू नकोस.

पाकीट तिच्याकडे देतो, टपालवाला सकाळी दुकानात चहाला येतो.

बिंग्वेन


शुलानताई,

मी युनशिया. आपली ओळख नाही. पाकीट चिकटवायचं माझ्याकडे आलंय, तेव्हा आधी वाचलं आणि खालची जागा वापरतेय. त्याला हे दिसणार नाही.

लिहिलंय ते बहुतेक बरोबर आहे. ढेकर मात्र एवढी मोठी नव्हती.

आणि दगड त्याच्यावरच्या रागाचा नव्हता. ड्रायव्हरच्या आईने लग्न ठरल्यापासून मला चरबीत तळलेले चिकट भाताचे लाडू पाठवले, सून अंगाने भरलेली हवी म्हणून, आणि बाबा समोर बसून ते खायला लावत. म्हणून उलट्या. बिंग्वेनला वाटतंय त्याने माझ्या मनातलं सगळं वाचलं. वाटू दे. हात चांगला आहे त्याचा. डोकं यायला वेळ लागेल.

तुम्ही त्याला "तिला विचार" असं लिहिलंत ते मी वाचलं. तुमचं पत्र तो टेबलावर विसरला होता. या गावात त्या दिवसांत तेवढं म्हणणारं कुणी नव्हतं.

नव्या वर्षाला नक्की या. दाजींचा राखाडी कोट घेऊन या, त्याच्या मापाचा करून. तो विचारेल कशाला, तर सांगू नका. अजून थोडे दिवस त्याला माझ्या चहाच्या खेपा मोजत बसू दे.

युनशिया